जामसांवलीत मला मिळालेला नमस्कार

जामसांवलीच्या मारुतीपुढे एका शनिवारी गर्दीने दुभंगून मला वाट दिली आणि बायाबापड्यांनी हात जोडले. एवढा मान मला मास्तरकीत कधी मिळाला नव्हता. कारण साधं होतं. अंगात येणाऱ्यांना तिथे आणतात. लोकांना वाटलं, माझ्याही अंगात आलं.

खरं म्हणजे मी सांडलेल्या नारळाच्या पाण्यावर घसरलो होतो. आलो होतो बायकोच्या आग्रहाने. देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतं. पडताना प्रसादाच्या दुकानाच्या पत्र्याने कोपराच्या आतली बाजू चिरली आणि रक्त ठोक्याठोक्याने उडू लागलं. जिथे सगळीकडे शेंदूर, तिथे लाल रंगाचं कुणाला नवल! मी झोकांड्या खात होतो. रांगेतल्या एका अनोळखी बाईने पदराचा बोळा जखमेवर गच्च दाबला आणि ती ओरडली, "सरका ना बाप्पा! मी काय तमाशा करून राहिली?"

लोक सरकले, नमस्कार करत. एका म्हातारीने माझे पायच धरले. "महाराज, माह्या पोराचं लग्न कधी होते?"

"याले आधी जगू दे, माय!" बाई म्हणाली.

ती वाट मिळाली नसती, तर गाडीपर्यंत मी पोचलो नसतो. सौंसरच्या दवाखान्यापर्यंत बाईने बोळा सोडला नाही. तिचं नाव विचारायचं राहिलं. तिथे घट्ट पट्टी बांधून मला नागपूरला धाडलं.

नागपुरात पोचेस्तोवर हात गार, पांढरा, बोटं बधिर. तरुण सर्जन म्हणाले, "हाताची मुख्य रक्तवाहिनी तुटली आहे. रक्त लवकर पोचलं नाही, तर हात जाईल. मांडीतली नस काढून तिथे शिवतो."

बायकोने विचारलं, "अन् यायच्या पायाचं कसं?"

"पायात दुसऱ्या आहेत, ताई."

मी मारुतीचं नाव घेतलं. वाद नंतर घालू, असं ठरवून.

शुद्धीवर आलो तेव्हा सर्जन माझ्या मनगटावर बोटं ठेवून, डोळे मिटून उभे होते. इतका एकाग्र माणूस मी देवळातही पाहिला नव्हता. "लागते नाडी," ते हळूच म्हणाले. केसाहून बारीक धाग्याने त्यांनी ती नस अशी शिवली होती, की रक्ताला कुठे अडखळायला जागा नव्हती. शरणागतीवर मी पुष्कळ वाचलं होतं. ती एवढीच निघाली: आपला हात दुसऱ्याच्या बोटांवर सोडून गप्प पडणं. मारुतीने काय केलं ते तो जाणे; गर्दीचा तो गैरसमज मात्र मी त्याचीच कृपा मानतो.

याच हाताने आता फळ्यावर लिहितो, शनिवारी नमस्कारही करतो. हात पूर्ण बरा आहे. खाज पायाला येते.