मारबतीची मिशी

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझा उजवा हात मला न विचारताच निवृत्त झाला होता. लकवा. सोबत ओठाचा एक कोपराही घेऊन गेला, पण तो मिशीखाली झाकला गेला. डॉक्टर म्हणाला, थोडक्यात वाचलात, बोटं चालवत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल. मी मोहल्ल्यात सांगितलं, लचक भरली. आठ महिने टिकणारी लचक जगात कुणी पाहिली नसेल, पण मला तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती. हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली घेऊन हिंडलो, पुढे हिंडणंही सोडलं. चाळीस वर्षं वारासिवनीच्या राईस मिलमध्ये पोत्यांवर कुंचल्यानं मार्का मारणारा हात तो. त्याला चहाचा कप पेलेना, हे काय लोकांना दाखवायचं?

सुनेनं मला धरून बालाघाटला एका शिबिरात नेलं. फलकावर लिहिलं होतं, ‘कला से आत्मविकास’. माझा विकास गुरुजींनी तिसरीतच थांबवला होता, तो पुन्हा सुरू होतो का पाहू म्हणून बसलो. भोपाळहून आलेल्या बाई गोड हिंदीत म्हणाल्या, मनात असेल ते कागदावर उतरवा, दुखणं हलकं होतं. शेजारी एक रिटायर बाबू होता. त्याच्या मनातून दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली नदी निघाली. जन्मभर वैनगंगेच्या काठी राहून त्यानं नदी पाहिली नव्हती, हे कागदावर बरोबर उतरलं. आपलं चित्र पाहून त्याला रडू आलं. मलाही येत होतं, कारण वेगळं.

मी डाव्या हातानं एक पोतं काढलं. उजवा दुपट्ट्यातच. बाईंनी कागद उंच धरून सगळ्यांना दाखवला, यात किती खालीपन आहे पाहा म्हणे.

“बाई, रिकामंच काढलं मी,” मी म्हणालो. “भरलेलं उचलाले हमाल लागते.”

सून मला घेऊन निघाली. बसमधून उतरताना एवढंच म्हणाली, “मामाजी, हात तुमचा हाये. मले तं दोन हायेत.”

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. पळसाच्या फांद्या, गवत आणि जुन्या लुगड्याची बाई बांधायची, घरातली दुखणी ओरडून तिच्यासोबत धाडायची आणि वेशीबाहेर नेऊन तिला जाळायचं. पोळ्याच्या दुपारी माझ्या दारासमोरच बांधणं चाललं होतं. यंदा मंडळींनी तिला छापील मुखडा आणला होता. गोरापान, हसरा, साबणाच्या जाहिरातीतला. असल्या बाईसोबत कोणता रोग जाईल? उलट तिला पाहून अजून चार पाहुणे येतील. बाजेवरून मी हे सगळं मोठ्यानं ऐकवलं.

शेजारच्या वहिनी, माझ्या गेलेल्या बायकोची मैत्रीण, गवत बांधत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “बोलाले काय जाते, भाऊजी. या न इकडे, काढा.”

उठलो. मुखडा फाडला, त्याच्या जागी पांढरं कापड बांधलं, घरातला जुना कुंचला आणला, तव्याची काजळी तेलात कालवून घेतली. कापड ताणल्याशिवाय रेघ फाटते, आणि ताणायचं काम डाव्याचं. मार्का मारताना चाळीस वर्षं तेच केलं. म्हणून कुंचला आपसूक उजव्यात गेला आणि दुपट्टा खाली पडला. डोळे बरे निघाले. तोंडाशी हात थरथरला, ओठ एका अंगाला घसरले. सगळ्यांची नजर माझ्या हातावर.

वहिनींनी मात्र मारबतीकडे पाहिलं. म्हणाल्या, “तोंड बेस जमलं. डिट्टो तुमचं.”

“हौ,” मी म्हणालो, “मिशी राहिली.” आणि तीही काढली.

मिशीवाली मारबत आमच्या मोहल्ल्यात पहिल्यांदाच झाली. लोक हसले, सगळ्यात जास्त वेळ मी हसलो. याला कला म्हणतात का ते भोपाळच्या बाईंना विचारा. त्यांना हिच्यातही खालीपन सापडलं असतं. पण आत गवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्टा खुंटीवर ठेवून मी मारबतीसोबत निघालो. कुणी खोकला धाडत होतं, कुणी मच्छर. वेशीवर मी उजवा हात जमेल तेवढा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “लकवा घेऊन जाय गे मारबत.” मग घरी येऊन चहाचा कप उजव्या हातात घेतला. अर्धा सांडला, अर्धा प्यालो.