दिपाली पाठ फिरवून उभी राहायची

किहीमच्या आमच्या वाडीत नारळाच्या दोन ओळींमधून एक सरळ पट्टा जातो, विहिरीपासून मागच्या दगडी गडग्यापर्यंत. तो पन्नास मीटरहून थोडा जास्तच भरतो हे मला दिपालीनं सांगितलं. तोवर ती माझ्या लेखी झावळ्या पडायची जागा होती. दिपाली आणि केसर, दोघी एका सकाळी स्कूटरवरून विचारायला आल्या होत्या.

"काकू, सकाळी तासभर बाण मारू का इथं? गडग्यापुढं जाड गादी लावू. झाडांना काही होणार नाही."

"झालंच तर शहाळं आमच्याकडून," केसर म्हणाली. शहाळी आमचीच. पण ती असं काही बोलली की माणूस हसून हो म्हणायचा.

दिपाली थळला राहते. माहेर पेणकडचं, मिठागराचं. वडील हिरामण आधी मिठागरावर होते, मग ट्रकवर गेले. नवरा धनेश बंदरावर ट्रेलर चालवतो, त्यामुळे घरात बहुतेक वेळ दिपाली आणि तिची सासू सोनूबाई दोघीच. पहाटे भाकऱ्या थापून, हाताचं पीठ पुरतं न धुता ही बाई धनुष्याची पेटी घेऊन निघायची. केसर चोंढीची, शाळेत खेळाची शिक्षिका. दोघी अलिबागच्या कॉलेजात एकाच संघात होत्या, आणि पुढं लग्न झालं, नोकरी लागली, तरी धनुष्य दोघींनीही सोडलं नाही. जेवणाचा डबा एकीचा असायचा आणि खायच्या दोघी.

एकच गोष्ट दोघींना वाटून घेता येत नव्हती. राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून चार बायका जातात. तिघी पनवेलच्या, त्यांच्या जवळपासही कुणी नाही. चौथी जागा या दोघींतल्या एकीची, आणि ती दरवर्षी दिपालीची. केसर राखीव म्हणून बरोबर जायची, पिशव्या सांभाळायची, दिपालीच्या केसांना पिना लावायची. "मी हिची मेकअपवाली," असं स्वतःच सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात दिपालीचा अंगठा बिघडला.

या दोघींचं धनुष्य चाकांचं, कंपाउंड. त्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. मुठीत मावेल असं एक छोटं यंत्र असतं, रिलीज म्हणतात त्याला. ते दोरीला अडकवायचं, ओढायचं, नेम धरायचा आणि अंगठ्यानं त्याचं बटण दाबायचं. दिपालीचा अंगठा तिच्या आधी बटण दाबायला लागला. नेमाचा ठिपका निशाणाच्या मधल्या पिवळ्या गोलाच्या कडेला शिवला रे शिवला की बाण गेलाच. मग उलटं सुरू झालं. ठिपका पिवळ्याच्या खाली येऊन थांबायचा आणि काही केल्या वर चढायचा नाही. मी विहिरीवरून बघायचे. धनुष्य ताणलेलं, दंड थरथरतोय, आणि ही बाई बाण न सोडताच ताण उतरवून गडग्याकडे बघत उभी.

"टार्गेट पॅनिक," केसरनं मला सांगितलं. "मला झालं होतं कॉलेजात. हात चांगला असतो, मन पळतं."

सोनूबाईंना वाटलं दृष्ट लागली. त्यांनी मीठमोहऱ्या उतरवल्या, धनुष्यावरूनसुद्धा.

मग एका रविवारी केसर एक डबा घेऊन आली. त्यात तिचे तीन रिलीज. आमच्या पडवीतल्या खाटेवर तिनं ते मांडले, भाजीवालीनं वाटे मांडावेत तसे.

"हा बटणाचा. तुझ्याकडे आहे तसाच. याला हात लावायचा नाही."

दुसऱ्याला बटणच नव्हतं. हातातल्या हातात तो किंचित फिरला की सुटायचा. केसरनं बजावलं, की आधी धनुष्यावर नको, जाळ्याच्या दोरीचा फास करून त्यावर सवय कर. दिपालीनं ऐकलं नाही. दोन-तीन दिवसांनी ओढता ओढताच तो सुटला आणि तिची स्वतःची मूठ तिच्या तोंडावर बसली. ओठ सुजला. घरी गेल्यावर सोनूबाईंनी विचारलं, "धनेस तर ट्रेलरवर हाय. मंग मारलान कोनी?"

तिसरा रिलीज साधा दिसायचा. ओढताना एक खटका दाबून ठेवायचा, हनुवटीशी हात स्थिरावला की तो सोडायचा, आणि मग नुसतं पाठीनं ओढत राहायचं. ठरलेल्या ताणाला तो आपल्या मनानं सुटतो. अंगठ्याला कामच नाही.

"हा," दिपाली म्हणाली.

"विचार कर. याची एक अट आहे. ताण किती ते या स्क्रूवर असतं, आणि तुला ते कळता कामा नये. कळलं की तू वाट बघशील. वाट बघितलीस की परत तेच. दुसऱ्या कुणीतरी लावायचा."

"तू आहेस की."

धनेशनं मुंबईहून तसाच एक तिच्यासाठी आणला. त्या दिवसापासून मी रोज बघायचे. दिपाली रिलीज केसरच्या हातात द्यायची आणि पाठ फिरवून उभी राहायची, नारळांकडे तोंड करून. केसर छोट्या पान्यानं स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे करायची. कधी नुसता पाना फिरवल्याचा आवाज करायची आणि काहीच बदलायची नाही, मला डोळा मारून. दिपाली ओढायची, ओढायची, आणि बाण सुटला की स्वतःच दचकायची.

"दचकलीस ना? मग बरोबर मारलास," केसर म्हणायची.

बाण मारायचा तोही पिवळ्यावर नाही. पावसाळाभर दोघी पडवीत. दोन पावलांवर कोरी गादी, तिच्यावर कागद नाही, ठिपका नाही, आणि डोळे मिटलेले. बाहेर पागोळ्या, आत ठप्प, ठप्प. मी आत तांदूळ निवडत बसले तरी आवाजावरून मला कळायला लागलं होतं, की घाबरून गेलेला कुठला आणि आपसूक गेलेला कुठला.

केसरनं आणखी पथ्यं सांगितली. गोल बघायचाच नाही, स्पर्धेचा विषय काढायचा नाही. क्लबच्या फोनवरच्या ग्रुपमधूनही बाहेर पड, दुसऱ्यांचे गुण वाचून छातीत धडधडतं. दिपाली बाहेर पडली. गणपतीच्या आधी एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा तिनं विचारलंच.

"निवड चाचणी कधी गं?"

केसर पान्यानं रिलीजवरचा चिखल खरवडत होती. "दिवाळीनंतर म्हणतायत. अजून तारीख नाही. तू कशाला विचारतेस? तोपर्यंत पिवळा बघायचा नाही, ठरलंय ना?"

"ठरलंय," दिपाली म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

नवरात्राच्या सुरुवातीला केसरनं परवानगी दिली. आधी जवळून, मग थोडं लांबून, मग विहिरीपासून. दिपालीचा ठिपका पिवळ्यावर जाऊन बसला आणि तिथंच हलकेच डुलत राहिला. ती ओढत राहिली. बाण गेला. ती धनुष्य धरून तशीच उभी, आणि मग वाकून विहिरीच्या कट्ट्यावर बसली. "काकू, मला बघता आलं," एवढंच म्हणाली. केसर त्या दिवशी लवकर निघून गेली; शाळेत काहीतरी होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोनूबाई चोंढीच्या बाजारातून झेंडूची पिशवी घेऊन आमच्याकडेच उतरल्या, सुनेच्या स्कूटरवरून पुढं जायला.

"तुजी मैतरीन नाक्याव लागलीय गो," त्या म्हणाल्या. "येवरी मोठी. बान धरून उबी हाय."

"कोण, केसर?"

"वाचता येत न्हाय मना, पन तोंड तिचाच. मंडलाच्या पोरांनी लावलाय. आन एक सांगू? बाजूला हात तुजा हाय."

दिपाली आणि मी स्कूटरवरून गेलो. बॅनर चांगला मोठा होता. राज्य स्पर्धेसाठी जिल्हा संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. केसरचा फोटो मीच आमच्या वाडीत काढलेला होता. मूळ फोटोत दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. इथं दिपाली कापली होती, पण कापणाऱ्याला पुरतं जमलं नव्हतं. कडेला एक कोपर राहिलं होतं, हिरव्या बांगड्यांसकट.

दिपाली बराच वेळ त्या कोपराकडे बघत होती. मग म्हणाली, "चाचणी झाली, काकू."

केसर दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात घेऊन पायरीवर उभी राहिली. बॅनर आम्ही बघितला हे तिला कळलेलं होतं, कारण ती आज विनोद करत नव्हती.

"कधी झाली?" दिपालीनं विचारलं.

"गणपतीनंतर. आठवड्याभरात."

"क्लबच्या सरांनी माझं विचारलं नाही?"

"विचारलं. मी म्हटलं, बरी नाहीये ती."

"हे कधी म्हणालीस?"

"तेव्हाच. आणि नव्हतीसच बरी. तू त्या दिवशी उभी राहिली असतीस तर परत पहिल्यासारखी झाली असतीस, खोटं सांगत नाही. आधीच पिवळा दाखवला की सगळं वाया जातं. मी तुला एकही चुकीची गोष्ट सांगितली नाही, दिपा. बरी झालीस की नाही?"

"झाले."

"मग?"

"चाचणी आहे म्हणून सांगितलं असतंस तर मीच नाही म्हटलं असतं. तूच जा म्हटलं असतं. तुझ्या केसांना पिना लावायला आले असते."

केसर पानं चुरगाळत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू म्हटलं नसतंस. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हटलंस?"

मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं, की केसरच्या या वाक्यात थोडं खरं होतं. पण ते तिनं पावसाळ्याच्या तोंडाशी म्हणायला हवं होतं, पाना हातात घ्यायच्या आधी.

त्यानंतर बरेच दिवस पट्ट्यावर कुणी आलं नाही. गादी गडग्यापाशी तशीच. एकदा दिपाली एकटीच आली. रिलीजचा स्क्रू तिनं स्वतः लावला, ओढायला लागली, आणि सुटायच्या ऐन क्षणी तिचा खांदा उडाला. दुसऱ्यांदा तेच.

"मला माहीत असतं ना आता," ती म्हणाली. "आणि त्या वेळी पाठ फिरवून मी काय बघत होते, तेच डोक्यात येतं. नारळ मोजत होते, काकू. खुळ्यासारखी नारळ मोजत होते मी."

मी म्हटलं, मी लावून देऊ का. ती माझ्याकडे बघून हसली, पण रिलीज पुढं केला नाही. मला वाईट वाटलं, राग नाही आला.

मार्ग निघाला तो सोनूबाईंमुळे. नखाच्या रंगानं दिपालीनं स्क्रूच्या कडेला दोन खुणा केल्या. दोन खुणांच्या मध्ये कुठंही राहिला तरी चालतो, त्यापलीकडे नको. मग पाना सासूच्या हातात दिला. सोनूबाई विहिरीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसायच्या, सोलायला वालाच्या शेंगा घेऊन. "कवरा फिरवू?" "मला नाही सांगायचं, आई." "मंग मना काय कलनार?" "तुम्हालाही कळायला नको." सोनूबाई पाना फिरवायच्या आणि फिरवताना तोंडानं "हां, हां" करायच्या, बोळ्यानं बाळाला दूध पाजावं तसं. पहिले काही दिवस दिपाली पाठ फिरवायची नाही, नुसती मान वळवायची. मग हळूहळू फिरवायला लागली.

केसर राज्य स्पर्धेहून आली ती कुणाला भेटलीच नाही. शेवटून तिसरी आल्याचं पनवेलच्या एकीनं सांगितलं. थंडी सरायच्या सुमाराला एका सकाळी ती वाडीत आली, धनुष्य आणि तो डबा घेऊन. दिपाली गादीतून बाण उपसत होती.

"माझा सुटतो परत," केसर म्हणाली. "तिकडे पहिल्याच बाणाला. पिवळा दिसला की तुझं तोंड दिसतं."

"माझं कशाला आणतेस तिथं?"

"दिपा, स्क्रू लावून दे. शाळेतल्या पोरींना जमत नाही, नवरा हसतो. तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ?"

दिपालीनं बाण टोपलीत ठेवले, हात पदराला पुसले. "दे. पाठ फिरव."

केसरनं रिलीज दिला आणि पाठ फिरवली, नारळांकडे तोंड करून. दिपालीनं पाना स्क्रूत बसवला. केसरची मान वळली.

"जास्त नको हं लावू."

"पाठ फिरव."

ती फिरली. क्षण गेला असेल नसेल, केसर पुन्हा वळली, या वेळी अख्खी. "कितीवर लावलायस? नाही, म्हणजे एकदम सुटला तर तोंडावर बसतो ना."

"मी अजून फिरवलाच नाही," दिपाली म्हणाली.

केसरचा चेहरा तेव्हा मी बघितला. पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. दिपालीनं रिलीज आणि पाना दोन्ही तिच्या हातात ठेवलं आणि आपलं धनुष्य घेऊन विहिरीकडे गेली. केसरनं तिथंच उभ्यानं स्क्रू स्वतः लावला. डोळे मिटून, जवळ जाऊन, तिनं एक बाण मारला. सुटायच्या आधीच तिचा खांदा उडाला. मग तिनं डबा बंद केला, मला "येते काकू" म्हणाली आणि गेली.

सोनूबाई शेंगा सोलत होत्या. "काय झाला तिचा?"

"काही नाही. तिनं स्वतःच लावला."

"मंग गेली का?"

दिपालीनं आपला रिलीज त्यांच्या हातात दिला. "आई, लावा," म्हणाली, आणि पाठ फिरवली. मी बघत होते. तिचे ओठ हलत नव्हते. नारळ ती मोजत नव्हती. पण सोनूबाईंचा पाना थांबला तेव्हा तिनं नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला वळायला.