रीस्टार्टरावांची अडीचची बस

ऑफिसात त्याला सगळे रीस्टार्टराव म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवलं ते अगदी चपखल. कुणाचं काहीही अडलं की याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा रीस्टार्ट करून बघा." निम्म्या वेळा तेवढ्यावर भागायचं, आणि भागलं की आभार राहिले बाजूला, माणसं म्हणायची, "एवढंच होतं होय!" उरलेल्या निम्म्या वेळा याच्या नाकी नऊ यायचे, आणि ते मात्र कुणाला दिसायचं नाही. मेल चालू असली तर हा फुकटचा पगार खातो, बंद पडली तर हा दिवसभर करतो तरी काय! बावीस वर्षं हेच ऐकत माणूस पन्नाशीला आला. थकेल नाहीतर काय होईल?

कंपनीचा मेल सर्व्हर या ऑफिसात नव्हताच. तो होता सहा तासांच्या अंतरावर, एका लहान गावातल्या गोदामाच्या मागच्या खोलीत. मुख्य कचेरी पूर्वी तिथे होती. कचेरी हलली, माणसं हलली, सर्व्हरचं मात्र 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून राहिलं, आणि ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. म्हणून हा इथून रिमोट डेस्कटॉप उघडायचा. म्हणजे तिथल्या मशीनचा पडदा इथे लॅपटॉपवर दिसायचा; इथे माउस हलवला की तिथलं काम व्हायचं. आणि गंमत अशी, की ते याचंच गाव. वडील तिथे एकटे राहत. त्यांनी फोनवर "कधी येतोस?" विचारलं की हा हसून म्हणायचा, "बाबा, मी रोज तुमच्याच गावात असतो की! दिवसातून दहा वेळा येऊन जातो." वडील "हो का," एवढंच म्हणायचे.

वडिलांचा एक डोळा केव्हाच गेला होता. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी आठ वाजता होतं. सहीला घरचं माणूस हजर नसेल तर तारीख दोन महिने पुढे जाईल, असं दवाखान्यानं बजावलं होतं. मागची तारीख अशीच हुकली होती, ऐन वेळी याची रजा रद्द झाली म्हणून. या खेपेला आजची अर्धी आणि उद्याची पूर्ण रजा मिळाली होती. थेट बस एकच, दुपारी अडीचची. बॅग सकाळपासून टेबलाखाली भरून ठेवलेली.

आणि नेमकी सकाळी नऊला मेल तुंबली. न तुंबली तरच नवल!

आत येईना, बाहेर जाईना. यानं रिमोटवरून पाहिलं तर डिस्क काठोकाठ भरलेली. बॅकअप आठ दिवसांपूर्वी बंद पडला होता, आणि बॅकअप झाल्याशिवाय जुने लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदी, साफ होत नाहीत. घाईला येऊन लॉग हातानं उडवावेत, तर बाराशे माणसांच्या मेली धोक्यात. म्हणून आधी जागा केली, मग बॅकअप लावला आणि तो संपायची वाट बघत बसला. मागे मॅनेजर उभे.

"फक्त एवढं सांगा, किती वेळ?"

"होतंय साहेब."

"होतंय ते दिसतंय हो. किती वेळ?"

असं पावणेपाच तास चाललं. चहा दोनदा आला आणि दोन्ही वेळा तसाच गार झाला. पावणेदोनला एकदाची तुंबलेल्या मेलींची रांग हलली, मेली धडाधड सुटायला लागल्या, आणि याचा जीव भांड्यात पडला. स्टँड वीस मिनिटांवर. मॅनेजर पुन्हा यायच्या आत निघावं म्हणून यानं बॅग ओढली आणि लॅपटॉप बंद करायला शट डाऊन दाबलं. पडद्यानं बंद करायचं कारण विचारलं. हातानं सवयीनं ओके केलं.

लॅपटॉप कधी कारण विचारत नाही. कारण विचारतो तो सर्व्हर.

पडदा काळा झाला आणि त्यामागून याचा स्वतःचा लॅपटॉप निवांत उजळ दिसत राहिला, तेव्हा याच्या पायाखालची जमीनच सरकली. सहा तासांवरचं मशीन यानं आपल्या हातानं विझवलं होतं. आता ते लावायचं तर तिथे जाऊन कुणीतरी बटण दाबायला हवं. रीस्टार्टराव, आणि स्वतःच शट डाऊन करून बसलेले! दुसऱ्या कुणी केलं असतं तर यानं वर्षभर त्याची टर उडवली असती.

गोदामाला साप्ताहिक सुट्टी. फोन उचलला वॉचमननं.

"मागची खोली उघडा आणि मशीनचं बटण दाबा. मी बोलतोय, सर्व्हरवाला."

"तुम्हीच कशावरून?"

"म्हणजे?"

"दारावर कागद लावलाय, साहेब. फोनवर कुणीही सांगितलं तरी कशाला हात लावायचा नाही. खाली तुमचीच सही आहे."

यानं कपाळाला हात लावला. तो कागद यानंच लावायला लावला होता, फोनवरून फसवणारे वाढले म्हणून. माणसं एरवी त्याचं एक अक्षर ऐकत नाहीत, आणि हा पठ्ठ्या नेमका ऐकणारा निघाला. शेवटी वॉचमनच म्हणाला, "तुमचे वडील संध्याकाळी फाटकाशी येऊन बसतात. त्यांना मी ओळखतो. ते आले तर उघडतो."

वडिलांना फोन करताना याला फार लाज वाटली. पण त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. काठी टेकत आले. दोन वाजून पाच मिनिटांनी ते त्या खोलीत उभे होते, कानाला फोन लावून.

"मला सगळं धुरकट दिसतंय रे."

"हातानं चाचपा, बाबा. उजवीकडे, खाली. अंगठ्याएवढं बटण."

"हे का?"

"दाबा."

वडिलांनी उभं आयुष्य पाण्याच्या पंपावर काढलं होतं. मशीनच्या आवाजाकडे कान देत ते म्हणाले, "फिरायला लागलं. आधी खरखरलं, आता आवाज मोकळा झालाय. चाललं बघ तुझं."

चाललं खरं, पण सर्व्हर उठायला वेळ घेतो, आणि मेल सुरू झाल्याचं बघितल्याशिवाय कुठला ॲडमिन जागचा हलतो? मॅनेजर आले, त्यांनी खरडपट्टी काढली, यानं मान खाली घालून ती ऐकून घेतली. रिमोट जोडला गेला तेव्हा घड्याळात दोन बत्तीस. मेली पुन्हा सुटू लागल्या. बस गेली होती.

फोन अजून चालूच होता. वडील तिथल्याच खुर्चीवर बसले होते.

"आलास का आत?" त्यांनी विचारलं.

"आलो, बाबा."

"म्हणजे रोज येतोस तो इथेच."

"हो."

वडील म्हणाले, "मला घरून इथे यायला सात मिनिटं लागली. या गुडघ्यांनी." मग म्हणाले, "वॉचमन म्हणतोय, उद्या मी येतो तुमच्याबरोबर. पण त्याची सही चालणार नाही म्हणे."

आवाजात तक्रार अजिबात नव्हती. तेच याला सोसवेना. डोळे भरून आले, आणि ते मॅनेजरांसमोर भरले.

"दोन तास बसून लक्ष ठेवा हां आता," मॅनेजर म्हणाले. "पुन्हा पडली तर?"

यानं रिमोटची खिडकी बंद केली. नीट बघून, कुठली आहे ते दोनदा वाचून. मग लॅपटॉप मिटून मॅनेजरांच्या हातात दिला.

"एकदा रीस्टार्ट करून बघा," तो म्हणाला, आणि बॅग उचलली.

जिन्यात फोन पुन्हा कानाला लावला. "बाबा, घरी जा. तीन गाड्या बदलत येतो, उशीर होईल. कडी लावू नका."