होकाराची सुपारी

निजामाच्या हद्दीत शिरल्याची पहिली खूण पटली ती करोडगिरीवाल्यांनी (जकात घेणाऱ्या शिपायांनी) माझी ट्रंक फलाटावर उपडी केली तेव्हा. भाच्यासाठी घेतलेली जरीची टोपी एकाने उलटीसुलटी करून पाहिली. तिच्यात मी काय दडवणार होतो, ते त्यालाच ठाऊक. पुढे औरंगाबाद, जालना, परभणी करत पूर्णेला पोचलो, तर हिंगोलीकडची गाडी निघून गेलेली. "येईल की दुसरी," स्टेशनमास्तर म्हणाले. कधी, ते मात्र सांगेनात.

माझी धाकटी बहीण सुंदरा वसमतजवळच्या एका खेड्यात दिली आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिला तिथेच राहायचं आहे. तिचे यजमान गावचे पोलीस पाटील होते. गेल्या पावसाळ्यात ते तापाने गेले. पाटीलकी वारसाने मुलाकडे आली, पण हा पाटील अजून पाटीवर ग म भ न गिरवतो. तो जाणता होईपर्यंत गुमास्ता (वतनदाराच्या वतीने काम पाहणारा) नेमायला हवा होता. सुंदराने दिराला, शेषरावांना, बाजूला ठेवून मौलाचाचांचं नाव दिलं. चाचा तिच्या यजमानांच्या हाताखाली मुरलेले, आणि दफ्तर सगळं उर्दूत, तेही त्यांना येतं. खरं कारण वेगळं होतं. पाटीलकी एकदा दिराच्या हाती गेली की पोराच्या हाती परत येईल, याची तिला खात्री नव्हती. तहसीलदारांनी चाचांना नेमलं. राहिला होता फक्त गावाचा होकार, आणि तेवढ्यासाठी शिमग्याच्या सुट्टीत मला बोलावणं आलं होतं.

वसमत स्टेशनवर गंगाराम गाडीवान बैलगाडी घेऊन आला होता. काळ्या मातीतली वाट, जागोजाग हळद शिजवायच्या कढया चढलेल्या, आणि त्या वाफेचा उग्र वास. हाडं खिळखिळी होत होती. त्यात गंगारामने विचारलं, "मास्तर, तुमच्याकडं लाटसाहेबानं मानूस नेमला तर व्हय कोन म्हन्तं?"

मी पुण्यात नागरिकशास्त्र शिकवतो. आमच्या इलाख्यात कायदेमंडळाच्या निवडणुका नुकत्याच झालेल्या, त्यामुळे मला आयतंच निमित्त मिळालं. मी म्हटलं, आमच्याकडे तशी रीत नाही, पण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. तिथला अध्यक्ष मोठमोठ्या जागांवर माणसं नेमतो, पण वरिष्ठ सभेने त्यांची चौकशी करून, मतं घेऊन होकार दिल्याशिवाय तो माणूस खुर्चीवर बसत नाही.

"मंग आमच्यावानीच की," गंगाराम म्हणाला आणि बैलाची शेपटी पिळली. मला राग आला. कुठे अमेरिका आणि कुठे हे.

दुसऱ्या दिवशी चावडीवर घोंगड्या अंथरल्या. गिरदावर (महसुलाचा फिरता अंमलदार) आले, नेमणूक वाचून दाखवली आणि लिंबाखालच्या बाजेवर जाऊन पडले. मग मौलाचाचा स्वतः तबक घेऊन उठले. तबकात सुपारीची खांडं. पांढरी दाढी, स्वच्छ धुतलेला अंगरखा. पाहुणा म्हणून तबक पहिल्यांदा माझ्यापुढे आलं. माझ्या दोन दाढा किडलेल्या. मी खांड उचललं, हसून मान डोलावली आणि कोटाच्या खिशात टाकलं.

सगळी चावडी माझ्या खिशाकडे पाहू लागली. मग एकेकाने सुपारी उचलून कनवटीला लावली. एकानेही ती चावली नाही. शेषरावांनी तर तबकाला हातच लावला नाही. चाचा जागच्या जागी उभे राहिले, आणि गिरदावर बाजेवरून उठून म्हणाले, "गाँव राजी नहीं. पुढच्या बाजाराच्या दिवशी येईन. तेव्हाही हेच, तर दुसरं नाव वर जाईल."

घरी सुंदरा उंबऱ्यातच उभी होती. "दादा, सुपारी खिशात काहून टाकली?" इतक्या वर्षांत तिची भाषाही तिथलीच झाली आहे. "चावली म्हंजे कबूल. ठेवली म्हंजे इचार करून राहिलो. घोंगडीवर बसला त्याचा होकार लागतो, पाव्हना असला तरी. सख्खा भाऊच थांबला, तर लोक काय समजतील?"

मी गंगारामला धरलं. "हे वाटेत सांगायला काय झालं होतं?"

"तुमी अमेरिकेचं सांगून राहिले होते," तो म्हणाला. "म्हटलं, ह्यांना समदं ठावं असल."

तो आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. वसमतला जाऊन शाळेला रजेची तार केली. रोज भाकरी, अंबाडीची भाजी, डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा आणि येईल त्याचा तोच प्रश्न: "मास्तर, चाचात काय खोट हाय?" काही नाही, माझ्या दाढेत आहे, असं सांगून जीभ झिजली. सरळ हात वर करून मतं का मोजत नाही, असं विचारलं की लोक समजुतीने हसायचे. त्या हसण्याने माझं डोकं जास्तच फिरे. रात्री भाचा मी आणलेली जरीची टोपी घालून निजायचा, आणि सुंदरा त्याच्याकडे नुसती बघत बसायची.

बाजाराच्या दिवशी पुन्हा घोंगड्या, पुन्हा तबक. मी खांड तोंडात टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कडाकडा चावलं. कळ थेट कानापर्यंत गेली. पण चावडी हलली. एकामागून एक सुपाऱ्या फुटू लागल्या, मुसलमान मोहल्ल्यातल्या, माळ्यांच्या, मराठ्यांच्या. तबक शेवटी शेषरावांपुढे थांबलं, आणि तिथेच अडलं.

"हरकत काय, ते बोला," गिरदावर म्हणाले.

"चाचात काई खोट न्हाई. मानूस बराबर हाय," शेषराव म्हणाले. "भाऊ गेला तवा खांदा म्या देल्ला. पोरगं माझ्या मांडीवर खेळतं. नाव वर धाडलं, ते म्या बाजारात ऐकलं. घरचं मानूस मला इचाराया आलं न्हाई."

त्या चावडीची पायरी कुठली बाई चढत नसे. सुंदरा खाली लिंबाजवळ उभी होती. ती पदर सावरत वर आली, चाचांच्या हातातून तिने तबक घेतलं आणि दिरापुढे धरलं.

"भावजी, भ्याले व्हते म्या," ती म्हणाली. "लेकराची पाटीलकी जाईल म्हनून भ्याले. आता इचारते. चाचा चालतील का?"

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सुपारी उचलली, आणि चावता चावता डोळे पुसले. मौलाचाचा खाली बसले ते शेषरावांच्याच घोंगडीवर.

परत येताना हिंगोलीची गाडी वेळेवर होती, तरी माझा त्रागा संपला नव्हता. एका माणसाच्या रुसव्यापायी साऱ्या गावाला आठवडाभर अडवायचं, ही कुठली राज्य चालवायची तऱ्हा? पूर्णेपासून मनमाडपर्यंत मी स्वतःशी हेच भांडत होतो. पुण्याला दाढ उपटून घेतली आणि सुजल्या गालाने शाळेत गेलो.

शिक्षकांच्या खोलीत नवी सूचना लावली होती. आमच्यावर नवे मुख्याध्यापक नेमले गेले होते. माणूस चांगला आहे, मी त्यांना ओळखतो. खाली प्रत्येकाने वाचल्याची सही करायची होती, आणि बाकीच्यांच्या सह्या झाल्याही होत्या. मी टाक हातात घेऊन तिथे बराच वेळ उभा राहिलो. मला कुणी विचारलं नव्हतं.