काकडीचा गूळ

बघायच्या कार्यक्रमात पोहे झाल्यावर सगळे मला म्हणाले, पोरीला काहीतरी विचारा. मी काय विचारणार? मी चौथी नापास. तेव्हा तिनंच मान वर केली आणि मला विचारलं, "तुमी गुळव्या हाय म्हणं. गुळाला आच किती लागते?"

"लागते तेवढी," मी म्हणालो.

"तेवढी म्हंजी किती?"

तिच्या चुलत्यानं घसा खाकरला. माझी आई उठायच्या बेतात होती. मलाही राग आला. आजा, बाप आणि मी, तिघांची हयात गुऱ्हाळात काहिलीपुढं गेली. उकळता रस कधी गूळ झाला ते आम्ही सांगायचं आणि गावानं ऐकायचं. आणि ही कालची पोर मला किती म्हणून विचारते! पण परतताना एसटीत तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. तेवढी म्हणजे किती? हाताला ठाऊक होतं, तोंडाला सांगता येत नव्हतं. कडेगावला उतरल्यावर आईला म्हणालो, हीच करायची. आई म्हणाली, "ती तुला रोज शाळेत बसवंल, बघ."

बसवलंच. सुलोचना तिचं नाव. डी.एड. झालेली होती. शिकलेल्या स्थळांना तिची पुढं लागणारी नोकरी हवी होती, प्रश्न विचारणारी ती नको होती. म्हणून माझ्यासारख्याचा नंबर लागला. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, गाव तिला बाई म्हणायला लागलं आणि मीही बाईच म्हणायला लागलो. ती जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्या वहीची कोरी पानं उरलीत, त्यावर हे लिहितोय. तुम्ही तिला बघितलेलं नाही. बघायला पाहिजे होतं.

रिकामी बसणं तिला ठाऊक नव्हतं. बसली की मोजायची. तिची वीत साडेसात इंच, चालतानाचं तिचं पाऊल दोन फूट, तिच्या मुठीत शेंगदाणे किती मावतात हे तिला पाठ. कुठं लग्नाला गेलो तरी मांडवाचे खांब मोजून माणसं किती बसतील ते मला सांगायची. आणि कुणी काही विचारलं की तिचं एकच, "आधी बोला, मग बघा." म्हणजे आधी अंदाज सांगायचा आणि मगच टेप लावायची. विहिरीला पाणी किती फूट आहे, भोपळा किती किलोचा, आधी बोला. चुकलं तर हसायची नाही. पण कुणी बोलायचंच टाळलं तर चिडायची. "चुकायचं भ्या वाटतंय व्हय? चुकायचंच नसतं तर माप कशाला लागलं असतं?"

पहिली नेमणूक मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या शाळेत होती. गुऱ्हाळाचा हंगाम संपला की मी तिकडं जाऊन राहायचो. पोरांना हजाराच्या पुढची संख्या म्हटली की घाम फुटायचा. पुस्तकात लाख होते, दहा लाख होते, पण पोरांच्या लेखी हजार म्हणजेच लय. बाईनं पुस्तक मिटलं आणि प्रत्येकाला नाचणीचं एक कणीस आणायला लावलं. आधी बोला. कुणी पन्नास बोललं, कुणी दोनशे. मग दहा-दहाच्या आणि शंभर-शंभरच्या ढिगल्या लावून मोजणी सुरू झाली. दोन दिवस शाळेत दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी एक बाप्या तणतणत आला. मी ओसरीवरच बसलो होतो.

"बाई, माझी पोरगी दोन दिस घरला येऊन नाचणी मोजतीया. ह्याला शाळा म्हणायची व्हय? नाचणी तर आमच्या अंगणात बी हाय!"

बाई म्हणाली, "दाजी, तुमी किती वर्सं नाचणी करताय?"

"जल्मापासनं."

"मग बोला. एका कणसात दाणं किती?"

दाजी म्हणाला, "आसतील की शंभरभर."

त्याची लेक मागं उभी होती. नाक वर ओढून म्हणाली, "चौदाशे बारा, आबा. मी दोनदा मोजलं."

त्यानं कणीस हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नखानं एक दाणा काढला. तसाच खाली बसला. म्हणाला, "आन् मंग आख्ख्या वावरात किती?"

"ते उद्या," बाई म्हणाली. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी गडी पोरांच्या मागं मांडी घालून बसलेला मी बघितला. फळ्यावर कणसाचा ठोंब झाला, ठोंबाची ओळ झाली, ओळींचं वावर झालं, आणि आकडा लाखांच्या पार गेला. लाख म्हणजे किती हे त्या पोरांना त्या दिवशी दिसलं. खरं सांगतो, मलाही त्या दिवशीच दिसलं.

पुढं तिची बदली आमच्याच भागात झाली आणि तिनं माझ्या गुऱ्हाळावर सातवीचा वर्ग आणला. हायस्कुलातून मोठा थर्मामीटर मागून आणला होता. तो बांबूला बांधला आणि काहिलीत सोडला. पोरांना काहिलीपासून लांब दोरीपलीकडं उभं केलं. आणि मला म्हणाली, "तुमी थर्मामीटरकडं पाठ करा. गूळ झाला की नुसतं 'उतरवा' म्हणा."

पोरं आधी बोलली. पाणी शंभर अंशाला उकळतं, पुस्तकात आहे, तेव्हा रसही शंभरालाच थांबणार. रस शंभराला आला, बराच वेळ तिथंच घोटाळला, आणि मग हळूहळू वर चढायला लागला. एकशे तीन. एकशे सात. पोरं गोंधळली. "बाई, हे पुढं का चाललंय?"

"मला नका विचारू. काहिलीला विचारा."

पोरं काहिलीकडं बघत राहिली. वाफेचा लोट छपराला जाऊन भिडत होता. एक बारकी पोरगी एकदम ओरडली, "बाई, पाणी निघून चाललंय! पाणीच ऱ्हायलं न्हाई तर ते शंभराला थांबंल कसं?" बाईचा चेहरा असा झाला की आमच्या लग्नातही मी तो तसा बघितला नव्हता.

बुडबुड्यांचा आवाज बदलला. मी चमच्यातला थेंब गार पाण्यात टाकला, बोटांत गोळी धरली आणि म्हणालो, "उतरवा." मागून एक पोरगा वाचून म्हणाला, एकशे अठरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकशे अठरा. तिसऱ्या दिवशी एकशे सतरा, आणि त्या दिवशी ऊस जरा वेगळा होता हे मी आधीच सांगितलं होतं. बाई पोरांना म्हणाली, "बघून ठेवा. ह्यांच्या बोटांत अंश हायती, आन् ह्यांना कुणीतरी चौथीत नापास केलं." मी चुलवाणात चिपाडं सारायला म्हणून खाली वाकलो ते लवकर वर आलो नाही. तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं मला असं माझ्याच हातातून काढून दिलं.

निवृत्तीनंतर साखरेनं तिला धरलं. आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. मुलगा फौजेत, रजेवर येणार तेवढाच. घरात आम्ही दोघं. आठवड्यातून दोनदा एसटीनं सांगलीला, चार तास डायलिसिसच्या मशीनवर, आणि परत. डॉक्टरांनी सांगितलं, लघवी होत नाही, तेव्हा प्यालेलं पाणी अंगातच साठणार. घामावाटं, श्वासावाटं थोडं जातं, ते धरून दिवसाला एक लिटर, थेंबभर जास्त नाही. दोन खेपांच्या मधे वजन दोन किलोच्या वर वाढलं तर पाणी छातीत जाईल आणि माणूस जाईल.

आता मोजायचं कुणी? जन्मभर मोजणारीला आकडा दिसत नव्हता. राहिलो मी.

मी बाटलीवर खुणा केल्या आणि इमानानं एक लिटरच दिलं. पण चैत्र होता. तिची जीभ लाकडासारखी व्हायची. बघवेना, म्हणून काकडी चिरून द्यायचो. भात आमटीत चांगला कालवायचो. दुधीची रसरशीत भाजी करायचो. खाण्याला कुठं बंदी होती? एका गुरुवारी एसटीत तिला श्वास पुरेना. सांगलीत पोचेपर्यंत ओठ निळे पडले. वजन केलं तर चार किलो जास्त. डॉक्टर माझ्यावर कडाडले, "आजोबा, किती पाणी पाजलंत?"

"एक लिटर. देवाशपथ."

"मग हे चार किलो आलं कुठून?"

त्यांनी मला खोटारडा धरलं. मी बाहेर बाकावर बसून रडलो. मी तिला मारायला निघालो होतो आणि कशानं, तेच मला कळत नव्हतं.

चार दिवसांनी घरी आलो. ती रागावली नाही. अंथरुणावरून म्हणाली, "आवं, जवळ या. शंभर किलो रसाचा गूळ किती निघायचा?"

"अठरा किलो. लय झालं तर वीस."

"आन् बाकीचं ऐंशी?"

"वाफ."

"म्हंजी काय?"

"पाणी."

"ते पाणी काहिलीत कुणी वतलं हुतं?"

"कुणी न्हाई. उसातच आसतंय की ते..." म्हणालो आणि तोंड उघडंच राहिलं. हयातभर पिकातलं पाणी जाळून खाल्लेला मी माणूस. आणि काकडीत पाणी असतं हे मला बायकोला मरणाच्या दारात नेऊन कळत होतं.

ती म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नका. चूल पेटवा. आन् आधी बोला, दोनशे ग्रॅम काकडीचं काय उरंल?"

"निम्मं," मी म्हणालो.

काकडी किसली, तोलून तव्यावर घातली आणि मंद आचेवर आटवत बसलो. उरलं दहा-बारा ग्रॅम. हिरवं, चिकट, बोटाच्या पेराएवढं. मी ते तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते हातात जोखलं आणि हसली. "आता भात."

आठवडाभर मी भात आटवला, आमटी आटवली, दुधी आटवला, तिच्या भाकरीसुद्धा वाळवून तोलल्या. शेजारची सून भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय वो तात्या, काकडीचा गूळ कराय लागलाय व्हय?" गावभर झालं, तात्याला म्हातारचळ लागला. लागू दे. कॅलेंडरच्या पाठीवर मी सगळं लिहून काढलं, एक वाटी भातात एवढं पाणी, एका काकडीत एवढं, आणि तेवढं बाटलीतून वजा. मी वजाबाकी करत होतो आणि ती बरोबर येत होती. पुढच्या खेपेला वजन पावणेदोन किलो. त्याच डॉक्टरांनी ते कॅलेंडर हातात घेऊन विचारलं, हे कुणी केलं? बाई पडल्यापडल्या म्हणाली, "ह्यांनी. चौथी नापास हायती."

तेव्हा मला कळलं की ती इतकी वर्षं पोरांना काय देत आली होती. आंधळी, सुजलेली, नाकात नळी घालून पडलेली बाई, आणि तिला माझ्या डोक्यात नेमकं कुठलं कुलूप आहे आणि त्याची किल्ली माझ्याच कुठल्या खिशात आहे हे माहीत होतं. मी देवळात फार गेलेला माणूस नाही. पण त्या दिवशी तिच्या पायाला हात लावला. ती म्हणाली, "काय करताय? हात गुळाचं हायती का धुतलेलं?"

अशी तीन वर्षं काढली. तिनं कधी पाणी चोरलं नाही, कुणाकडं गुपचूप मागितलं नाही. तहान लागली की विचारायची, "किती उरलंय?" आणि मी सांगितलं की तोंड मिटायची.

गेली त्या दिवशी दुपारी म्हणाली, "एक घोट द्या की." बाटलीत दीडशे उरलं होतं आणि संध्याकाळच्या गोळ्या बाकी होत्या. मी म्हणालो, "आता न्हाई. सांजच्याला." ती म्हणाली, "बराबर हाय." आणि कुशीवर वळली. तासाभरानं मी बघितलं तेव्हा ती नव्हती. डॉक्टर मुलाला फोनवर म्हणाले, हृदय बंद पडलं, पाण्यानं नाही. एका घोटानं काहीही फरक पडला नसता. मुलानं ते मला धीर द्यायला म्हणून सांगितलं. फरक पडणार नव्हता, तर मग द्यायला पाहिजे होता.

अंघोळ घालून तिला अंगणात ठेवली. तोंडात पाणी घालायला मला पुढं बोलावलं. भावजयीनं तुळशीचं पान दिलं आणि म्हणाली, दोन थेंब सोडा. मी पान बाजूला ठेवलं आणि तांब्याच उचलला. ओतत राहिलो. गालावरून, गळ्यावरून पाणी खाली यायला लागलं. भावजय माझा हात धरून म्हणाली, "आवं भावजी, बास की. पदर भिजला समदा."

"भिजू दे," मी म्हणालो.