एक रोक

आमच्याकडे सीतादही केल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत. शेतात दगड मांडायचे, दहीभाताचा निवद दाखवायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. आमच्या घरात ते लेकीनं वेचायची रीत आहे.

लेक लग्न होऊन पोलंडला गेली. पहिल्या वेचणीला येणार होती, जमलं नाही. त्या वर्षी पहिलं बोंड तिच्या नावानं झाडावरच ठेवलं. फोनवर म्हणाली, "आई, आता फक्त एक रोक." रोक म्हणजे तिकडच्या भाषेत वर्ष.

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. आहे. आदिलाबादला एसटीनं ये-जा करून शिकले, ते मी कुणालाही सांगते. नवा शब्द कानावर पडला की त्याचं मूळ पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मोबाइलवर शोधलं. रोक म्हणजे आधी वर्ष नव्हतंच. बोलण्याच्या जुन्या धातूतून तो आला. तोंडानं बोलून ठरवलेली मुदत, ती रोक. वर्ष हा अर्थ मागून चिकटला.

पुढं जावयांना नेदरलँड्सला नोकरी लागली. तिथंही रोक आहे, पण तो बायकांचा घागरा, आणि त्याचं कूळच निराळं. इंग्रजीतला दगडाचा रॉक तर फ्रेंचांकडून आलेला. बोथच्या बाजारात तिघं एकाच रंगाचं पागोटं बांधून शेजारी बसावेत आणि कुणाचं कुणाशी नातं नसावं, तसं. लेकीला हे सांगितलं तर ती हसली.

"आई, इकडं तूच यायला पाहिजे होतीस."

"मी काय करू तिकडं?" म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मोबाइलवर तिकडचे आणखी शब्द शोधत बसले.

यंदा दसऱ्याला नक्की येते म्हणाली होती. दसरा गेला. बोंडं फुटून पांढरी झाली, वेचणीच्या बाया रोज विचारू लागल्या. मी आज-उद्या करत होते.

आमचे हे चिडले. "काऊन थांबून राह्यली? आभाळ पाह्य जरा. लेकीसाठी कापूस थांबते का? अन् तुझा तो रोक कोणता, वर्षाचा का घागऱ्याचा?"

मला हसू आलं नाही.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. सुट्टी मिळाली नाही. "आई, पुढच्या..." म्हणाली आणि थांबली.

मी म्हटलं, "मुदत नको सांगू माय. येशील तेव्हा ये."

सकाळी सीतादही केलं. पहिलं बोंड कोण वेचणार म्हणून बाया माझ्याकडे पाहू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "तुमीच वेचा बाई. तुमी बी कोनाची तरी लेकच हाव ना."

वेचलं. दवानं ओलं होतं. यांनी माझ्या मोबाइलवर फोटो काढला आणि लेकीला पाठव म्हणाले. मी पाठवला नाही. रीतीचं आपल्यावाचून भागलं, असं तिला वाटू नये.