अर्धं शटर

आमच्या बाजारात कुणी दुकानदार वारला की व्यापारी संघाचा निरोप फिरतो आणि अंत्ययात्रा पुढे जाईपर्यंत सगळी शटरं अर्ध्यावर येतात. ती अशी ओळीने खाली आली की मला वाटतं, बाजारानेच मान खाली घातली आहे.

संघ तसा बरंच करतो. उन्हाळ्यात पाणपोई, दिवाळीत रोषणाई, रस्त्यासाठी नगरपालिकेशी भांडण. पण चालेनासं झालेलं दुकान कसं चालवायचं, हे संघालाही ठाऊक नाही. आणि रागवायचं तरी कुणावर? माझी सूनसुद्धा साड्या मोबाइलवरच मागवते.

काल वसंतकाकांनी कापडाचं दुकान कायमचं बंद केलं. शटरचा निरोप आजवर तेच दारोदार द्यायचे. संघाच्या अध्यक्षांनी त्यांना शाल आणि नारळ दिला.

"आमच्याकडून काही लागलं तर सांगा, काका."

"गिऱ्हाईक आणाल?" काका हसत म्हणाले. अध्यक्ष नुसतीच शालीची घडी सारखी करत राहिले.

उरलेला माल भरून टेम्पो निघाला. काका ड्रायव्हरशेजारी बसले होते. काय करावं ते आम्हाला कुणालाच सुचेना. समोरच्या भांडीवाल्याने शटर अर्धं ओढलं. मग त्याच्या शेजाऱ्याने ओढलं. मीही ओढलं.

माझ्या दारासमोर काकांनी टेम्पो थांबवला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सवयीने हात जोडत विचारलं,

"अरे, कोण गेलं? मला कसं कुणी कळवलं नाही?"